शिष्यवृत्ती निधीची हिरवी पट्टी
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात भाईंदर येथे केलेले भाषण)



आम्ही जन्मभर फळ्यावर खडूने हिशेब मांडले. संगणकाच्या पडद्यावरील हिशेबाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो केवढा! तथापि संघाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्ती निधीची जी हिरवी पट्टी दिसते, तिने गेल्या जूनमध्ये आपणां सर्वांस फसविले, आणि त्यात आमचाही हात होता. म्हणून हे चार शब्द.

उद्दिष्ट तीन लक्षांचे. बंधूंनी घरबसल्या अर्जात नाव व रक्कम लिहावी, ती नोंद आपोआप तक्त्यात उतरावी, यंत्राने सर्व रकमांची बेरीज करून तीस उद्दिष्टाने भागावे, शंभराने गुणावे आणि तितकी पट्टी रंगवावी, अशी योजना होती. पट्टी ८२ टक्क्यांवर गेली, म्हणजे २,४६,००० रुपये. त्या भरवशावर कार्यकारिणीने सात विद्यार्थ्यांच्या शुल्काचा शब्द दिला; ठरावास अनुमोदन आमचेच. बँकेच्या पुस्तकात पाहावे तो १,३८,०००!

चोरी कोणी केली नव्हती. अर्जात लिहिलेली होती ती देण्याची इच्छा; पट्टीने तिला जमा मानले. शिवाय एका बंधूंनी ११,००० रुपयांचा अर्ज भरला, पोच लवकर दिसेना, म्हणून कळ तीनदा दाबली. २२,००० रुपये असे हवेतूनच आले. मिठागरांच्या या गावात आम्हांस हे आधीच सुचावयास हवे होते. आगरात घेतलेले पाणी कोणी मीठ म्हणून मोजीत नाही. मिठाची रास पडावी लागते. राज्य शासनाने २०१९ साली ३३ कोटी वृक्षांचा संकल्प सोडला, तेव्हाही लावली किती आणि जगली किती, हा प्रश्न निघालाच होता. उलट अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला, तो हाती घेतला, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभा राहिला.

चौघांचे शुल्क निधीतून, दोघांचे सभासदांच्या हातउसन्यावर भागले. सातव्या मुलीचे उशिरा भरले, दंड पडला. तो आम्ही दिला. निधीत धरू नये.

आता पट्टीला दोन रंग आहेत. नोंदविलेली रक्कम फिकी. बँकेचे पुस्तक पाहून खजिनदारांनी खूण केली की तीच गडद होते. प्रत्येक अर्जास स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि त्याच दूरध्वनीवरून तीच रक्कम पुन्हा आली तर विचारपूस होईपर्यंत ती अडकून राहते. देणगीदाराचे नाव वा दूरध्वनी पडद्यावर येत नाही. तेथे केवळ बेरीज जाते. पट्टी मागे सरकली तर उत्साह मावळेल, असे तरुण मंडळींचे म्हणणे होते. आम्हांस ते पटले नाही. नापास विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही कधी पास लिहिले नाही.

आज सकाळी गडद पट्टी ६१ टक्क्यांवर होती, १,८३,००० रुपये. फिकी ७५ वर. मधल्या चौदा टक्क्यांतील मंडळी बहुधा याच मंडपात बसली आहेत. खजिनदार दाराशीच आहेत.