कचेरीतील कागद आणि कळकाचे रान
(ग्रंथालयाच्या बेळगाव येथील सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



कागद जपून वापरा असे ग्रंथालयातच सांगितले जावे, हे काहींना विपरीत वाटेल. या वास्तूचा सारा संसारच कागदावर उभा आहे. परंतु ग्रंथाचा कागद पिढ्यान्‌पिढ्या वाचला जातो. कचेरीतला कागद बहुधा एकदाच वाचला जातो, कित्येकदा तेवढाही नाही, आणि संध्याकाळी टोपलीत पडतो. प्रश्न आहे तो या दुसऱ्या कागदाचा.

त्याचे मूळ शोधण्यास बेळगावकरांना दूर जावे लागत नाही. अळणावरहून पुढे काळी नदीच्या काठी दांडेली लागते. तेथील कागद गिरणी १९५५ मध्ये स्थापन झाली आणि १९५९ मध्ये उत्पादन सुरू झाले. उत्तर कन्नडच्या जंगलांतला बांबू हा तिचा कच्चा माल. सरकारने तो गिरणीस आरंभी टनाला दीड रुपया या दराने दिला. सुपे-टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरुडाला मात्र बाजारात त्याच बांबूसाठी कित्येक पटींनी अधिक दाम मोजावे लागत.

बुरुडांच्या तक्रारी वाढल्या, बांबूही आटू लागला, तेव्हा १९७५ च्या सुमारास डॉ. माधव गाडगीळ यांनी या रानांचा अभ्यास हाती घेतला. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. ते साफ केले की बेट जोमाने वाढेल, अशी वनखात्याची समजूत होती. तोडही त्यामुळे सोपी होई. प्रत्यक्षात ते जाळे म्हणजे कोवळ्या कोंबांचे कुंपण. कुंपण गेले आणि कोंब गुरांच्या, माकडांच्या, साळिंदरांच्या तोंडी पडले. रानात वावरणाऱ्या गावकऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांना विचारण्याची गरज कोणास वाटली नव्हती, एवढेच. जवळची बेटे ओसरली तशी गिरणी दूरच्या प्रांतांकडे वळली. बुरुडाला तो मार्ग नव्हता.

कागद स्वस्त आहे असे म्हणताना तो दीड रुपया आठवावा. स्वस्ताईचा उरलेला भाग दुसऱ्याच कोणाच्या खाती पडला होता. पुढे गिरण्या लागवडीचे लाकूड, उसाचा चोथा व रद्दी यांकडे वळल्या, हे खरे. तरी पाणी आणि इंधन लागतेच.

आता थोडा हिशेब. ८० ग्रॅमी जातीचा ए-४ आकाराचा एक ताव सुमारे ५ ग्रॅम भरतो. ५०० तावांचे रीम अडीच किलोचे. वीस माणसांच्या कचेरीत माणशी महिना एक रीम धरले, तरी वर्षाकाठी २४० रिमे, म्हणजे ६०० किलो कागद होतो. यातला जो मजकूर एका बाजूस छापला जातो तो दोन्ही बाजूंस छापला, तर त्यापुरता कागद निम्म्यावर येतो. त्यासाठी समिती नेमावी लागत नाही.

जुन्या कारकुनांना हे शिकवावे लागले नसते. ‘पाठकोरा’ हा शब्दच त्यांच्या व्यवहारातला. पाठकोऱ्या कागदावर मसुदा व्हायचा, आलेले पाकीट उलटून पुन्हा वापरले जायचे. संगणक आला तेव्हा कागदविरहित कचेरीचे भाकीत झाले होते. प्रत्यक्षात छापणे सोपे झाल्याने कागद वाढला. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच इलेक्ट्रॉनिक अभिलेखास मान्यता दिली, तरी आलेला ई-मेल छापून नस्तीत लावल्याखेरीज अनेकांना चैन पडत नाही. ‘एक प्रत जास्त असू द्या’ हे वाक्य तर झेरॉक्स यंत्राइतकेच जुने असावे.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. दाखल नोंदवही आणि सभेचे इतिवृत्त उत्तम, आम्लरहित कागदावरच असावे. हलक्या कागदावर छापलेली पुस्तके हातात घेताच कशी तुटतात, हे येथील सेवकवर्गास सांगावयास नको.

रद्दीसाठी वेगळी पेटी हवी. चहाने भिजलेला, खरकट्यात मिसळलेला कागद पुन्हा लगदा करण्याच्या कामी येत नाही. राहिला वार्षिक अहवाल. कंपन्यांना २०११ पासून भागधारकांस तो ई-मेलने पाठविण्याची मुभा मिळाली. ज्या सभासदांना छापील प्रत नको असेल त्यांनी कार्यवाहांकडे तसे लिहून द्यावे, अर्थात पाठकोऱ्या कागदावर. पुढील वर्षी तेवढ्या प्रती कमी छापता येतील.