दुसऱ्यातला ऱ



जबलपुरात डिझाइनबद्दल बोलायचे तर सुरुवात ब्योहार राममनोहर सिंहांपासूनच करायला हवी. आपल्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीत उद्देशिकेचे पान आहे. त्या पानाभोवतीची नक्षी या गावच्या चित्रकाराची. नंदलाल बोस यांचा हा शांतिनिकेतनातला विद्यार्थी तेव्हा जेमतेम विशीत होता. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात देवनागरीत 'राम' एवढीच बारीक सही आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी ती जरूर शोधावी, आणि इथल्या शहीद स्मारकातली त्यांची भित्तिचित्रेही उद्या परतण्यापूर्वी पाहून घ्यावीत.

त्या पानावरची अक्षरे मात्र त्यांची नाहीत. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. नक्षी एकाची आणि अक्षर दुसऱ्याचे, दोघेही आपापल्या कामात मुरलेले. आज ही दोन्ही कामे एकाच खुर्चीवर बसलेल्या मुला-मुलीकडे आली आहेत. नक्षी ती मुले पंधरा दिवसांत शिकतात. लेयर, मास्क, ग्रेडियंट, पार्श्वभूमी काढून टाकणे, सगळे व्हिडिओ बघून येते. अक्षराकडे बघायला त्यांना कुणी शिकवत नाही. माझे आजचे सगळे बोलणे याच एका उणिवेबद्दल आहे.

तीस वर्षे मी या गावात अक्षरजुळणी करते आहे. मी शिकले तेव्हा इथल्या प्रत्येक दुकानात कृतिदेव फॉन्ट होता. पत्रिका, हँडबिल, स्मरणिका सगळे त्यातच. कृतिदेवात 'काल' हा शब्द टाइप केला की संगणकाच्या पोटात जातात ती 'डी', 'के', 'वाय' ही तीन रोमन अक्षरे. देवनागरी दिसते ती फक्त वरची कातडी. फॉन्ट काढून घेतला की मजकूर उघडा पडतो. शोधून सापडत नाही, आणि अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तेच 'डी-के-वाय' म्हणत बसते. हे मला फार उशिरा कळले, आणि ज्या पुस्तकामुळे कळले त्याची गोष्ट मी आज सांगणार आहे.

आमच्या ओळखीच्या एक मावशी कविता लिहीत. चौसष्ट पानांचा संग्रह, जुळणी माझी. तो फॉन्ट हिंदीसाठी घडवलेला. त्यात ळ होता, पण 'दुसऱ्या'तला अर्धा ऱ मला सापडेना. 'दुसर्या' असे रफार देऊन छापायला मन धजेना. मग मी कोरल ड्रॉमध्ये ती पापणीसारखी रेघ पेन टूलने काढली आणि प्रत्येक 'या'च्या डाव्या अंगाला नेऊन चिकटवली. वाऱ्यावर, कोपऱ्यात, साऱ्या, तारे मोजणाऱ्या. कवितेत हे शब्द किती येतात ते तेव्हा समजले. पुस्तक सुरेख झाले. मावशींनी पानावरून बोट फिरवत एकेक शब्द वाचला होता.

दहा-बारा वर्षांनी, मावशी गेल्यानंतर, त्यांच्या मुलीला दुसरी आवृत्ती काढायची होती. मी जुनी फाइल उघडली, मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणला. 'वाऱ्यावर'चे 'वायावर' झाले होते, 'कोपऱ्यात'चे 'कोपयात'. मी काढलेली रेघ हे चित्र होते, अक्षर नव्हते, म्हणून कन्व्हर्टरने ती घेतलीच नाही. तीन संध्याकाळी ती मुलगी माझ्या शेजारी छापील पुस्तक घेऊन बसली, आणि आईच्या ओळींतला एकेक ऱ आम्ही परत भरला. माझ्या हातून झालेली ही चूक आहे. ती तुमच्या हातून होऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता तो ऱ चिकटवावा लागत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'जे', मग 'डी', मग य. तीन कळांत 'ऱ्य'. शिफ्ट दाबून 'एन' म्हणजे ळ. इन्स्क्रिप्ट शिकायला मन लावून बसले तर पंधरवडा पुरतो. ध्वनीनुसार रोमन टाइप करणे सोपे वाटते, पण तिथे सुचवणी बघून निवडत बसावे लागते आणि लांब मजकुरात हात अडखळतो. माझा आग्रह इन्स्क्रिप्टचाच आहे.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, नवे हाती आले की मी त्यात आधी एक ओळ टाइप करते: 'कऱ्हाडच्या दुसऱ्या शाळेतील विद्यार्थिनी, लाल शाल, ॲप, रात्र'. ऱ्ह आणि ऱ्य जुळले का? 'विद्यार्थिनी'तली पहिली वेलांटी व च्या आधी आली का, आणि दुसरी वेलांटी व रफार थ वर नीट बसले का? ॲ एकसंध दिसतो का? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन दिसतो. आणि 'लाल शाल' मराठी वळणाची आहे का? हिंदीतला ल उभ्या दंडावर संपतो, आपला पाकळीचा. श चेही तसेच, दोन भाषांची दोन वळणे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यात ही वळणे नक्की केली. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही भरलेली असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की आपला ल आपोआप येतो. वेबपानावरही तेच, पानाच्या मुळाशी भाषेचा संकेत 'एमआर' द्यायचा. आपण हिंदीच्या घरात वाढलेले मराठी लोक आहोत, हिंदी आपल्याला परकी नाही. पण मराठी मजकूर हिंदी म्हणून नोंदवला तर यंत्र त्याला हिंदीच समजणार.

फोटोशॉपमध्ये वेलांटी उलटी पडते म्हणून मराठीचा नाद सोडलेली मुले मी पाहिली आहेत. उपाय एका मिनिटाचा आहे. जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर आपल्या लिप्यांना चालणारे टेक्स्ट इंजिन निवडायचे आणि नवी फाइल उघडायची. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायचा. इंकस्केप, स्क्रायबस, लिब्रे ऑफिस ही मोफत साधने, त्यांच्या आजच्या आवृत्त्या, देवनागरी नीट जोडतात. चोरीची प्रत वापरून व्हायरस घरात आणण्यापेक्षा ही शिकावीत. ब्राउझरमध्येच उघडणारे फोटोपी जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर किरकोळ कामाला बरे पडते. फॉन्टची तर आता चैन आहे. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी मुक्ता आणि बलू मुक्त परवान्यावर सर्वांना दिले. त्याआधी र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल विंडोजबरोबर घरोघर पोचला होता, तेव्हा पडद्यावर देवनागरी वाचता येते याचाच आनंद होता.

अक्षरांतले अंतर वाढवायचा मोह मात्र आवरा. रोमनमध्ये ते शोभते. आपल्याकडे ट्रॅकिंग वाढवले की शिरोरेषेचे तुकडे पडतात, आणि 'निमंत्रण' जागोजागी मोडते. मोठे शीर्षक हवे असेल तर ते हाताने रेखाटा. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे अशी रेखाटली की वृत्तपत्रातल्या दोन इंच जाहिरातीतही नाटक ओळखू येई.

रेखाटायला पेन टूल आहेच. त्यामागचे गणित पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात रेनोच्या कारखान्यात मोटारींच्या पत्र्याच्या वळणांसाठी वापरात आणले. व्हेईकल फॅक्टरीच्या या गावात हे वेगळे समजवावे लागू नये. पत्रा जितक्या कमी ठिकाणी ठोकाल तितका तो गुळगुळीत राहतो. ळ काढून पाहा. नवी मुले त्याच्या दोन वाटोळ्यांवर वीस-पंचवीस बिंदू मारतात आणि वळण खडबडीत होते. प्रत्येक वाटोळ्याच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक बिंदू द्या. हँडल अगदी आडवे किंवा अगदी उभे ठेवा. आठ बिंदूंत ळची दोन्ही वाटोळी उभी राहतात, आणि ळ भिंतीएवढा मोठा केला तरी त्याला खाच पडत नाही.

छापायला देताना मजकूर अनेकदा कर्व्हमध्ये, म्हणजे रेघांच्या चित्रात, बदलावा लागतो, हे खरे. पण ती फाइल वेगळ्या नावाने जतन करा. टाइप केलेला युनिकोड मजकूर हीच मूळ प्रत, तिला हात लावू नका. प्रशिक्षण वर्ग चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की पहिल्या दिवशी मुलांना फिल्टर दाखवू नका. त्यांचे स्वतःचे नाव, आईचे नाव आणि गावाचे नाव शुद्ध टाइप करून घ्या. ते मोडले तर का मोडले हे त्यांना शोधू द्या.

संमेलन उद्या दुपारपर्यंत आहे. या सभागृहामागच्या खोलीत मी आणि माझे तीन सहकारी सकाळी आठपासून बसणार आहोत. ज्यांच्या घरी, मंडळात, शाळेत कृतिदेवातल्या किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली पडून आहेत, त्यांनी पेनड्राइव्ह आणि त्या मजकुराची छापील प्रत दोन्ही आणावे. छापील प्रत विसरू नका. कन्व्हर्टरने काय गाळले ते तिच्यावरूनच कळणार आहे.