औषध आधी, कारण मागाहून

नैराश्याची व्याधी मेंदूतील एखाद्या रसायनाच्या उणिवेमुळे जडते, हे विधान येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. त्याचा उगम शोधू गेल्यास सर्पगंधा या भारतीय वनस्पतीपाशी यावे लागते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील तिच्या गुणांविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनज्ञांनी तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळे केले. त्याने रक्तदाब उतरे. परंतु काही रुग्ण खिन्न होत असल्याच्या नोंदी होऊ लागल्या. रेसर्पिनमुळे प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनलिन यांचा साठा रिता होतो, असे पुढे आढळले.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी अकल्पितपणे उल्हसित दिसू लागले. हे औषध त्याच द्रव्यांचे विघटन रोखते. १९५६ मध्ये रोलांड कून या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी छिन्नमनस्कतेवर निरुपयोगी ठरलेले इमिप्रामीन नैराश्यग्रस्तांना दिले, आणि त्यांना उतार पडला. साठा घटला की मन खचते, वाढला की सावरते. तेव्हा उणीव हेच कारण, हा निष्कर्ष मोहक होता. १९६५ साली अमेरिकेतील जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअॅड्रेनलिनच्या संदर्भात तो पद्धतशीरपणे मांडला.

मात्र पाण्याने आग विझते, म्हणून ती पाण्याच्या अभावी लागली, असे कोणी म्हणत नाही. औषधाचा या द्रव्यांवरील परिणाम काही तासांतच सुरू होतो. रुग्णाला बरे वाटू लागण्यास मात्र बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यातही सेरोटोनिनच्या उणिवेला सुसंगत पुरावा मिळाला नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३५ ते ४० टक्के मानला जातो. पण तो एका जनुकाचा नव्हे. काही वेळा तर थायरॉइड ग्रंथीची मंदताच नैराश्याचे रूप घेऊन येते.

उपपत्ती डळमळली, तरी औषधाचा गुण नाहीसा होत नाही. घोटाळा होतो तो दुसऱ्या आठवड्यात. तोंड कोरडे पडते किंवा मळमळते, मन मात्र जैसे थे. मग रुग्ण गोळ्या सोडून देतो, आणि घरची माणसे त्याच्या स्वभावाला बोल लावतात. नेमक्या याच दिवसांत, विशेषतः तरुण रुग्णांच्या मनात आत्महत्येचे विचार डोकावतात का, याकडे वैद्याचे व कुटुंबीयांचे बारीक लक्ष असावे लागते. उतार पडल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवतात, आणि थांबवायचे ते वैद्याच्या सल्ल्याने, हळूहळू मात्रा उतरवीत.