किनाऱ्यावरचे स्वयंसेवक

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराच्या पूर्वेस, शहराच्या मध्यापासून सुमारें ७ किलोमीटरांवर, बाँडाय नांवाचा एक समुद्रकिनारा आहे. त्याची लांबी फार नाहीं. जेमतेम एक किलोमीटर. परंतु उन्हाळ्यांतल्या सुटीच्या दिवशीं चंद्रकोरीच्या आकाराच्या ह्या वाळूवर हजारों माणसें लोटतात आणि समोरच्या प्रशांत महासागराच्या लाटांत उतरतात. ह्या गर्दींत लाल व पिवळ्या रंगाच्या टोप्या घातलेलीं कांहीं माणसें पाण्याकडे तोंड करून उभीं असतात. तीं स्नानास आलेलीं नसतात. त्यांत कोणी कारकून असतो, कोणी सुतार असतो, कोणी महाविद्यालयांतली विद्यार्थिनी असते. ह्या कामाचा पगार त्यांतील कोणासही मिळत नाहीं. सुटीचा दिवस परक्या माणसांच्या जिवाची राखण करण्यांत घालवावयाचा, हा नेम त्यांनीं आपण होऊन पत्करलेला असतो. अशा मंडळाचें वर्ष कसें जातें, आणि त्याचें यश कोणत्या मापानें मोजावयाचें, ह्याचा विचार ह्या भाषणांत करावयाचा आहे.

ऑस्ट्रेलियाचें आणि समुद्रस्नानाचें नातें आज इतकें घट्ट दिसतें कीं, एके काळीं तेथें दिवसाउजेडीं समुद्रांत उतरणें हा गुन्हा होता, हें सांगितलें तरी खरें वाटत नाहीं. परंतु वस्तुस्थिति तशीच होती. एकोणिसाव्या शतकांत केलेल्या कायद्यानें, सकाळीं ६ पासून रात्रीं ८ पर्यंत लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागीं स्नान करण्यास मनाई होती. १९०२ च्या ऑक्टोबरांत विल्यम गोचर नांवाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकानें, आपल्या पत्रांत आगाऊ जाहीर करून, सिडनीजवळच्या मॅनली येथें भर दुपारीं समुद्रांत प्रवेश केला. पुढच्याच वर्षीं मॅनलीच्या नगरपालिकेनें दिवसा स्नान करण्याची परवानगी दिली. अट एवढीच कीं, मानेपासून गुडघ्यापर्यंत अंग झांकलेलें असावें.

बंदी उठली, पण समुद्राची ओळख कोणास होती? ज्यांना तळ्यांतही धड पोहतां येत नव्हतें, असे लोक फुटत्या लाटांत शिरूं लागले आणि बुडूं लागले. त्यांना बाहेर काढण्याचें काम प्रथम कोणीच कोणावर सोंपविलें नव्हतें. जे चांगले पोहणारे नित्य किनाऱ्यावर येत, त्यांनींच तें अंगावर घेतलें आणि मग एकत्र येऊन मंडळें स्थापिलीं. बाँडायचें मंडळ १९०७ च्या फेब्रुवारींत स्थापन झालें. पहिलें मंडळ कोणाचें, बाँडायचें कीं शेजारच्या ब्राँटीचें, हा वाद तेथें अजूनही रंगतो. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ह्या मंडळांची मध्यवर्ती संस्था निघाली. आज ऑस्ट्रेलियांत अशीं ३०० हून अधिक मंडळें आहेत.

१९०७ च्या जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे मंडळ रीतसर स्थापन होण्यापूर्वीं कांहीं आठवडे, बाँडायच्या लाटांतून एका नऊ वर्षांच्या मुलास तेथील पोहणाऱ्यांनीं जिवंत बाहेर काढलें. त्याचें नांव चार्लस् किंग्जफर्ड स्मिथ. हाच मुलगा पुढें नामांकित वैमानिक झाला, आणि १९२८ सालीं अमेरिकेहून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रशांत महासागर विमानानें ओलांडणाऱ्या पहिल्या तुकडीचा तो नायक होता. १९३५ च्या नोव्हेंबरांत अलाहाबादेहून सिंगापूरकडे निघालेलें त्याचें विमान अंदमानच्या समुद्रावर नाहींसें झालें. एका समुद्रानें त्यास अखेरीस नेलें हें खरें. परंतु मधल्या २८ वर्षांचें आयुष्य त्यास बाँडायच्या त्या अनाम माणसांनीं मिळवून दिलें होतें.

ह्या मंडळांचें काम समजण्यास समुद्राची एक खोड समजून घेतली पाहिजे. बुडणारा माणूस लाटेखालीं दडपून मरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळदां तसें नसतें. लाटा किनाऱ्याकडे जें पाणी ढकलीत आणतात, त्याला परत जावयाचें असतेंच. किनाऱ्यालगत वाळूचे उथळ उंचवटे असतात. परतणारें पाणी त्यांना टाळून मधल्या खोलगट वाटेनें, एखाद्या ओढ्यासारखें, समुद्राकडे धांव घेतें. ह्याला तेथें रिप म्हणतात. ह्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून तेथलें पाणी वरून शांत दिसतें, आणि अजाण माणूस नेमका तेथेंच उतरतो. बाँडायच्या दक्षिण टोंकाशीं असा एक प्रवाह नेहमींच असतो. परदेशी प्रवासी त्यांत हटकून सांपडतात, म्हणून पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या त्या प्रवाशांचेंच नांव त्याला पडलें आहे. अशा प्रवाहांत सांपडलेला माणूस घाबरतो आणि सरळ किनाऱ्याकडे पोहूं लागतो. प्रवाह त्याच्यापेक्षां बलवान असतो. थोड्याच वेळांत त्याचे हात थकतात आणि तो बुडतो. शार्क माशाची दहशत जगभर आहे, पण ऑस्ट्रेलियांत शार्कपेक्षां ह्या मुकाट्यानें वाहणाऱ्या पाण्यानें कितीतरी अधिक बळी घेतले आहेत.

आतां मंडळाच्या वर्षाकडे वळावें. दक्षिण गोलार्धांत उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. त्याच्या मागचे पुढचे महिने धरून, सप्टेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत, मंडळाचा हंगाम चालतो. आठवड्याच्या इतर दिवशीं नगरपालिकेचे पगारी रक्षक किनारा सांभाळतात. शनिवार, रविवार आणि सुट्या स्वयंसेवकांच्या वांट्यास येतात. प्रत्येक तुकडीची पाळी आधींच ठरलेली असते. तुकडी किनाऱ्यावर आली कीं प्रथम समुद्र पाहते. वाळूचे उंचवटे रात्रींतून सरकलेले असतात. कालची सुरक्षित जागा आज सुरक्षित असेलच असें नाहीं. ती जागा हेरून तिच्या दोन बाजूंस लाल-पिवळीं निशाणें रोंवावयाचीं, आणि स्नान करणाऱ्यांस त्या दोन निशाणांच्या मध्यें ठेवावयाचें, हें दिवसाचें मुख्य काम. १९३५ च्या सुमारास हे रंग ठरले; आज कित्येक देशांच्या किनाऱ्यांवर तेच दिसतात.

ह्या पहाऱ्यावर उभें राहण्याचा अधिकार परीक्षेनें मिळतो. ब्राँझ मेडॅलियन नांवाची ही परीक्षा १९१० पासून चालत आली आहे. आजच्या नियमाप्रमाणें उमेदवारानें ४०० मीटर अंतर ९ मिनिटांच्या आंत पोहून दाखवावें लागतें. तसेंच २०० मीटर धांवणें, २०० मीटर पोहणें आणि पुन्हां २०० मीटर धांवणें, हें सर्व ८ मिनिटांत पुरें करावें लागतें. प्रथमोपचार आणि श्वास बंद पडलेल्या माणसास सावध करण्याची रीत आलीच पाहिजे. एकदां उत्तीर्ण झालें म्हणजे जन्माची निश्चिंती, असें नाहीं. दर वर्षीं हंगामांत आपली पात्रता पुन्हां सिद्ध करावी लागते. कारण गतवर्षीं पोहतां येत होतें, हें उत्तर बुडणाऱ्यास उपयोगी पडत नाहीं.

हंगामांत रविवारीं सकाळीं पांच वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचे वर्ग भरतात. त्यांना तेथें निपर्स म्हणतात. खेळतां खेळतां लाट ओळखणें, प्रवाह ओळखणें आणि संकटांत हात वर करून मदत मागणें, एवढें तीं शिकतात. ह्याशिवाय मंडळा-मंडळांच्या चढाओढी होतात. नावा वल्हवीत लाटा फोडून बाहेर जावयाचें, खूण फिरून परत यावयाचें, असा त्या खेळांचा थाट असतो. पहिली मोठी चढाओढ १९०८ च्या जानेवारींत मॅनलीस झाली. करमणूक म्हणून हे खेळ रम्य आहेतच. पण त्यांत मिळविलेली दमछाट आणि सांघिक शिस्त हीच पुढें कोणाच्या तरी जिवासाठीं कामीं येते.

ती कशी कामीं येते, हें बाँडायच्या मंडळानें १९३७-३८ च्या हंगामांत दाखविलें. ६ फेब्रुवारी १९३८ हा रविवार होता. उकाडा मोठा होता, आणि अंदाजें ३५,००० माणसें किनाऱ्यावर आलीं होतीं. समुद्र खवळलेला होता. परंतु कांहीं अंतरावर वाळूचा एक उंचवटा असल्यामुळें शेंकडों माणसें त्यावर कमरेइतक्या पाण्यांत निर्धास्त उभीं होतीं. दुपारीं ३ च्या सुमारास एकापाठोपाठ एक प्रचंड लाटा आल्या. त्यांचें पाणी वाळूवर दूरवर चढलें आणि तितक्याच जोरानें परत फिरलें. उंचवट्यावरच्या माणसांच्या पायांखालची जमीन गेली आणि दोनशेंहून अधिक जण क्षणार्धांत खोल पाण्यांत ओढले गेले.

योगायोग असा कीं, त्याच वेळीं मंडळाच्या सभासदांची पोहण्याची शर्यत सुरू व्हावयाची होती, आणि एरव्हीं पांगलेले ६० ते ८० जीवरक्षक वाळूवर एकत्र जमलेले होते. शर्यत तशीच टाकून ते पाण्यांत शिरले. त्या काळीं त्यांचें मुख्य साधन म्हणजे बाँडायलाच १९०६ सालीं तयार झालेलें रीळ. लांकडी चौकटीवरील मोठ्या रिळास लांबच लांब दोर गुंडाळलेला असे. एक जण दोराचा पट्टा अंगाभोंवतीं बांधून पोहत जाई, बुडणाऱ्यास धरी आणि हात वर करून खूण करी. मग वाळूवरचे साथीदार दोर ओढून दोघांस आणीत. काम दिसावयास सोपें, पण दोर जरा अधिक जोरानें ओढला तर पट्टेवालाच पाण्याखालीं जाई. म्हणून दोर धरणाऱ्याचा हात आणि पोहणाऱ्याची खूण ह्यांची जुळणी महिनोन्‌महिने घटवून घ्यावी लागे. त्या दिवशीं अशीं सात रिळें एकदम चाललीं. भेदरलेल्या माणसांनीं दोरालाच मिठ्या मारल्या आणि कित्येक पट्टेवाले त्या भारानें खालीं ओढले गेले. तरीही ते पुन्हां पुन्हां आंत गेले. रिळापाशीं जागा न मिळालेले जीवरक्षक पट्ट्याशिवाय, नुसत्या हातांवर भरंवसा ठेवून पोहत गेले.

सुमारें अडीचशे माणसांस मदत करून बाहेर आणावें लागलें. त्यांतील ३५ जण बेशुद्ध होते. वाळूवर त्यांच्या रांगाच लागल्या. त्या वेळच्या रीतीप्रमाणें माणसास पालथें निजवून, पाठीवर ठरावीक तालानें दाब देऊन, श्वास चालू करण्याचा प्रयत्न केला जाई. एकेका देहापाशीं एकेक स्वयंसेवक गुडघे टेकून बसला होता. पांच जण वांचले नाहींत. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासांत हा दिवस काळा रविवार म्हणून नोंदला गेला आहे.

ह्या दिवसाकडे दोन तऱ्हांनीं पाहतां येईल. पांच जीव गेले, ह्या दुःखाचें मोल कोणत्याही संख्येनें कमी होत नाहीं. दुसरें असें कीं, एकाच वेळीं दोनशेंहून अधिक माणसें समुद्रानें नेलीं असतां पांचच दगावलीं, ह्याचें कारण अर्ध्या तासाच्या शौर्यांत पुरतें सांपडत नाहीं. तें मागल्या वर्षांच्या कंटाळवाण्या कवाइतींत शोधावें लागतें. जमावास धीर कोणी द्यावयाचा, रीळ कोणी धरावयाचें, पट्टा कोणी बांधावयाचा, हें त्या क्षणीं कोणास विचारावें लागलें नाहीं. शर्यतीसाठीं ते एकत्र होते हा दैवयोग. पण एकत्र असलेल्यांना काय करावयाचें तें ठाऊक होतें, ह्यांत दैवाचा भाग नव्हता.

त्यानंतर साधनें पुष्कळ पालटलीं. रिळाची जागा तरंगत्या फळीनें आणि हवा भरलेल्या रबरी यांत्रिक नावेनें घेतली. पाठ दाबण्याच्या रीतीऐवजीं तोंडानें श्वास देण्याची व छाती दाबण्याची रीत आली. माणसेंही पालटलीं. महायुद्धांत पुरुष सैन्यांत गेले तेव्हां कांहीं किनाऱ्यांवर स्त्रियांनीं पहारा सांभाळला होता. तरी पहाऱ्याच्या पूर्ण सभासदत्वाचा हक्क त्यांना मध्यवर्ती संस्थेनें १९८० सालीं दिला. जें काम जिवाची बाजी लावून करावयाचें, त्याचा अधिकार देण्यास सत्तरांहून अधिक वर्षें लागावीं, हें त्या संस्थेच्या उज्ज्वल इतिहासांतलें न्यून मानलें पाहिजे.

वर्ष संपलें कीं मंडळ आपला अहवाल छापतें. पहाऱ्याचे तास, वांचविलेलीं माणसें, केलेले प्रथमोपचार, जिंकलेलीं पदकें, असे त्यांत आंकडे असतात. त्यांतच प्रतिबंधक उपाय असें एक सदर असतें. निशाणांच्या बाहेर गेलेल्यास हांक मारून परत बोलावलें, लहान मुलास प्रवाहापासून दूर नेलें, अशा किरकोळ गोष्टींची ती मोजदाद. वांचविलेल्या माणसांच्या आंकड्यापेक्षां हा आंकडा बहुधा पुष्कळच मोठा असतो, आणि त्याचें कौतुक मात्र कोणी करीत नाहीं. ज्याला शिटी वाजवून मागें फिरविलें, तो थोडा रागावूनच घरीं जातो. आपण वांचलों, हें त्यास कधींच कळत नाहीं. जागरूकता आणि सेवा हें ह्या संस्थेचें ब्रीद आहे. त्यांत जागरूकतेचा क्रम पहिला लावला, हें योग्यच झालें.

ह्या कथेचा कोंकणाशीं आणि गोव्याशीं संबंध दूरचा नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत सहलीस गेलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून शासनानें पगारी जीवरक्षक नेमले आहेत, आणि तेथेंही लाल-पिवळीं निशाणें दिसतात. सिडनीसारख्या शहरीं मराठी कुटुंबेंही आतां पुष्कळ आहेत, आणि तेथें बुडणाऱ्यांत परदेशांत जन्मलेल्यांची संख्या मोठी असते. तेव्हां जाणत्या घरांनीं मुलाबाळांना चार गोष्टी शिकवून ठेवाव्या. निशाणांच्या मध्येंच उतरावें. लाटांच्या मधली शांत दिसणारी पट्टी टाळावी. प्रवाहांत सांपडल्यास त्याच्याशीं झुंजूं नये. अंग तरंगतें ठेवावें, हात वर करून मदत मागावी, आणि शक्ति असेल तर किनाऱ्यास समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडावें. आणि रक्षकाची शिटी ऐकूं आली तर, कारण न विचारतां मागें फिरावें.