शाळा सरकारने बंद केल्या, मुलं कुणी सांभाळायची?



महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण 9 मार्च 2020 रोजी याच पुण्यात सापडले. आठवडाभरात शाळा बंद झाल्या, पाळणाघरांनाही कुलूप लागलं. लहान मुलांचे वर्ग नीट भरायला पुढे जवळजवळ दोन वर्षं गेली. भोसरी-चाकणचे कारखाने मात्र काही महिन्यांतच सुरू झाले. मग आईबाप कामावर गेल्यावर चार वर्षांच्या पोराला पाहायचं कुणी?

29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला: टाळेबंदीतही मालकांनी पगार न कापता द्यावा. हेतू चांगला होता, पण त्यासाठी तिजोरीतून मालकाला पैसा मिळणार नव्हता. सातआठ माणसांच्या वर्कशॉपवाल्याने तो आणायचा कुठून? 18 मेपासून आदेश मागे घेतला गेला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसात तडजोड करायला सांगितलं. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने बेकारी भत्ता सरासरी वेतनाच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेला, तोही 90 दिवसांपर्यंत. पण तो नोकरी गेलेल्यांसाठी. नोकरी शाबूत आहे आणि मुलासाठी घरी थांबावं लागतंय, अशा आईला त्यातून काही नव्हतं.

अशा पालकांना आधार देणं अशक्य होतं असं कुणी म्हणू नये. जपानने शाळा बंद केल्या तेव्हा मुलांसाठी पगारी रजा देणाऱ्या मालकाला सरकारने दिवसाला 8,330 येनपर्यंत भरपाई दिली. जर्मनीत पालकांच्या बुडालेल्या पगाराच्या 67 टक्के रक्कम, ठरावीक मर्यादेत, मिळाली. घरी बाप थांबो की आई. आपल्याकडेही राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहेच. म्हणजे तत्त्व मान्य आहे, फक्त ते सरकारी नोकरीच्या उंबरठ्यापाशी थांबतं.

सगळ्यांत जास्त भरडल्या गेल्या घरकामाच्या बायका. सोसायट्यांची गेटं बंद, कित्येकींचे पगार बंद. गेटं उघडली तेव्हा शाळा बंदच होत्या; धाकट्याला थोरलीच्या हवाली करून आया कामाला निघाल्या आणि त्या थोरलीचा अभ्यास घरातल्या एकुलत्या मोबाइलवर. तो मोबाइलही आईबरोबर जायचा. या बायकांसाठी राज्याने एप्रिल 2021 मध्ये 1500 रुपये जाहीर केले, तेही फक्त नोंदणी झालेल्यांना.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मातृत्वाच्या रजेतला पगार राज्य विमा महामंडळ आजही आपल्या निधीतून देतं. त्याच निधीत सरकारने आपला वाटा घालावा आणि सरकारी हुकमाने शाळा बंद होतील त्या काळात आई किंवा बाप, जो घरी थांबेल त्याला वेतन द्यावं. एकट्या मालकावर बोजा टाकला, तर तो बाईला कामावर घ्यायलाच कचरेल. घरेलू कामगारांना हेच संरक्षण त्यांच्या कल्याण मंडळामार्फत मिळायला हवं.

कायदा व्हायला वेळ लागेल. तोवर तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंची मंडळाकडे नोंदणी आहे का, हे उद्याच विचारा. नसेल तर कागदपत्रं जमवून ती करून द्या.