सोबत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'कॉम्प्युटरवर बोल' असं सांगितलं होतं. पण सकाळी शाळेचं मैदान पाहिलं आणि विषय बदलला. मी अविनाश साबळेबद्दल बोलणार आहे.

आपल्या कळसहून उजनीपलीकडे गेलं, करमाळा-जामखेड ओलांडलं, की आष्टी तालुका लागतो. तिथल्या मांडवा गावचा हा मुलगा, जन्म १९९४चा. आईवडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर लांब. कधी चालत जायचं, कधी पळत. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानचं वाळवंट पाहिलं. स्पर्धेत उतरला तो २०१५ साली, सैन्याच्या क्रॉसकंट्रीत. म्हणजे वयाची विशी गाठल्यावर!

प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवलं. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनींचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं ते अवघ्या पाच शतांश सेकंदानं. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण घेतलं. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

त्याला सैन्यानं आधी नोकरी दिली, मग पळायला मैदान दिलं. थोडक्यात हुकलं तरी पुन्हा पळायची संधी होती.

आपल्या वर्गातही एक पळणारी होती. आज ती इथेच बसली आहे. नाव घ्यायचं नाही असं तिनं बजावलंय. फक्कीनं आखलेल्या याच मैदानावर ती ८०० मीटर पळायची, आणि मुलंही मागं पडायची. तालुक्याला पहिली आली. जिल्ह्याला जायचं होतं. तिचे वडील आमच्या घरी आले आणि मला म्हणाले, "पोरी, तू सोबत जातीस का? मग पाठवतो." माझी गणिताची शिकवणी होती. मी नाही म्हणाले.

ती गेली नाही. दहावीनंतर तिचं लग्न झालं. मी इंजिनिअर झाले.

काल रात्री फोनवर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, तू लहान होतीस. पण कुणीतरी मोठ्या बाईनं यायला हवं होतं."

म्हणून आपल्या बॅचपुढे एक प्रस्ताव ठेवते. शाळेला देणगी तर आपण देऊच. त्याशिवाय, यापुढे बाहेरगावी स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक मुलीसोबत आपल्यापैकी एकजण जाईल, स्वतःच्या खर्चानं. पाळ्या लावू. ज्यांना सुट्टी मिळणार नाही त्यांनी गाडीभाडं द्यावं.

पहिली पाळी माझी. दुसरी तिनं मागून घेतली आहे.