बिनतारी इंटरनेट आणि डॉट-कॉमचे दिवस
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



विषय यंत्रांचा आहे, पण आरतीची वेळ चुकू देणार नाही.

आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमाकडून, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. ग्वाल्हेरला आम्ही ते पाहिले पॉलिटेक्निकच्या दिवसांत, लश्करातल्या सायबर कॅफेत, तासाच्या हिशेबाने. ज्यांच्या घरी कनेक्शन होते त्यांच्याकडे कुणी फोनचा रिसीव्हर उचलला की सगळे ठप्प!

त्याच सुमारास डॉट-कॉमचा ताप चढला होता. नोव्हेंबर १९९९मध्ये सत्यम इन्फोवेने राजेश जैन यांची मुंबईची इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा सौदा केला. त्यांच्या साइट्सची नावे तरी किती साधी: समाचार, खोज, खेल, बावर्ची. कमाई त्या मानाने अगदी थोडी, पण तेव्हा कमाई विचारणारा जुनाट ठरायचा. आम्ही डिप्लोमावालेसुद्धा वहीच्या शेवटच्या पानावर पुढे डॉट-कॉम लावून नावे लिहीत बसायचो.

अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५०४८वर बंद झाला. ऑक्टोबर २००२मध्ये तो १११४वर होता. बाकी काय झाले ते यावरून समजून घ्या.

या पडझडीत एक कंपनी अशी गेली की तिचे आम्हांला अजून वाईट वाटते. कॅलिफोर्नियाची मेट्रिकॉम, तिच्या सेवेचे नाव रिकोशे. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर बुटाच्या खोक्याएवढे रेडिओ बसवायचे. ते निरोप एकमेकांकडे ढकलत नेणार आणि माणूस बागेत बसून, तारेशिवाय, इंटरनेट वापरणार. हे १९९४च्या सुमाराचे! पण नव्या, वेगवान सेवेला महिन्याला सत्तर-ऐंशी डॉलर पडत. ग्राहक जमले पन्नास हजारांच्या आसपास, कर्ज मात्र डोंगराएवढे. जुलै २००१मध्ये दिवाळे निघाले. गंमत म्हणजे सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये मदतकार्यासाठी तेच बंद पडलेले जाळे पुन्हा चालू करावे लागले. यंत्र चांगले होते, हिशेब जमला नव्हता.

आता आपल्या मध्य प्रदेशाकडे येऊ. पवारांच्या जुन्या धार संस्थानाचा मुलूख, आजचा धार जिल्हा. तिथे जानेवारी २०००मध्ये ज्ञानदूत सुरू झाले. गावोगावी सूचनालये आणि त्यांत गावचाच शिकलेला मुलगा, सूचक. मंडीचा भाव, खसऱ्याची नक्कल, जातीच्या किंवा मूळ निवासाच्या दाखल्याचा अर्ज, तक्रार. प्रत्येकाचे थोडे थोडे रुपये. त्याच वर्षी स्टॉकहोमचे पारितोषिक मिळाले. इथे जाहिरातीवर भिस्त नव्हती. समोरच्या माणसाचे काम झाले तरच पैसे. आम्हांला त्या सगळ्या ४९९ कोटींपेक्षा हा हिशेब जास्त शहाणपणाचा वाटतो.

अडचण तारेची. गावच्या टेलिफोन लाइनवर भरवसा कुणाचा? मद्रास आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवालांच्या चमूने कॉर्डेक्ट नावाची बिनतारी पद्धत बनवली होती. टॉवरपासून सुमारे १० किलोमीटरपर्यंत, मध्ये अडथळा नसेल तर, फोन आणि इंटरनेट एकाच वेळी, सेकंदाला ३५ किलोबिटने. आज हसू येईल, पण तेव्हा ते पुष्कळ होते. पुढे धारमध्येही ही पद्धत आणली गेली.

तरीही ज्ञानदूतचा जोर ओसरला. वीज नाही, तर टॉवर काय कामाचा? आणि दुसरे, जे सरकारी नोकर म्हणून आम्ही जरा दबक्या आवाजात सांगतो: अर्ज क्षणात तहसिलीत पोचायचा, पण पुढे फाइल तिच्या नेहमीच्या चालीने चालायची. तिला बिनतारी करणारे यंत्र अजून कुणी शोधलेले नाही! गावकऱ्याला शेवटी तहसिलीत जावेच लागणार असेल, तर सूचकाला पैसे कोण देईल?

म्हणून डॉट-कॉम बुडाले तेव्हा सगळेच बुडाले असे म्हणणे आम्हांला पटत नाही. २००६मध्ये राज्य सरकार आणि टीसीएस यांनी मिळून एमपी ऑनलाइन काढले. आज परीक्षेचा फॉर्म भरायला, समग्र आयडीतले नाव दुरुस्त करायला आपण ज्या गल्लीतल्या कियोस्कवर जातो, तिथला मुलगा सूचकाचाच धाकटा भाऊ. प्रत्येक कामाचे थोडे रुपये घेतो, तार तुटली तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवतो, आणि टेबलाखाली त्याने इन्व्हर्टर ठेवलेला असतो.